आठ फाकांची टॅटिंग डॉयली

टॅटिंगच्या, म्हणजे दोऱ्याच्या गाठी घालून केलेल्या लेसच्या, डॉयल्या (टेबलावर ठेवायचे जाळीदार रुमाल) मी आजवर बऱ्याच केल्यात पण सगळ्या एकाच पद्धतीच्या, मधे गाठींची एक रिंग, तिच्या पिकोंना (गाठींमध्ये सोडलेल्या दोऱ्याच्या छोट्या फासांना) जोडत पहिली फेरी, दोरा कापा, टोकं लपवा, मग दुसरी फेरी. हा पॅटर्न हातात आला तेव्हा आधी कळेचना की यात फेऱ्या आहेत कुठे. तर त्या नाहीतच! मधल्या रिंगपासून छोट्या रिंगांची एक ओळ बाहेर जाते, टोकाला लांब चेन (आतल्या दोऱ्यावर बसवलेल्या गाठींची, रिंगसारखी बंद न केलेली कमान) होते, मग दुसरी ओळ परत मध्यापर्यंत येते, ही झाली एक फाक. पुढच्या फाकेची जाणारी ओळ आधीच्या फाकेच्या येणाऱ्या ओळीला पिकोंनी जोडत जायची, अशा आठ फाका, आणि सगळं सलग, दोन शटलवर (दोरा गुंडाळलेली होडीच्या आकाराची छोटी साधनं).

पॅटर्न लिहिलेला होता फक्त आकड्यांत, ५-५-५-५ वगैरे (दोन पिकोंच्या मधे किती गाठी), कुठे पलटायचं ते गाळलेलं. मी दोन संध्याकाळी नुसता कागदावर बाण काढत बसले होते आणि तो वेळ अजिबात वाया गेला नाही असं मला वाटतं, कारण बाण काढल्यावरच दिसलं की बाहेर जाताना जी बाजू समोर असते ती परत येताना मागे जाते. नेहमीसारखं करत गेलं तर अर्ध्या रिंगांची पुढची बाजू दिसते आणि अर्ध्यांची मागची. म्हणून उलट्या बाजूने काम असेल तेव्हा डबल स्टिचचा (टॅटिंगची मूळ गाठ, ती दोन भागांत होते) दुसरा भाग आधी घेतला आणि पहिला नंतर. हाताला सवय लागायला एक अख्खी फाक गेली. टॅटिंगला इटालियनमध्ये जो शब्द आहे तो गप्पा मारण्यावरून आलेला आहे, पण ही फाक गप्पा मारत होत नाही, मी मोजणी मोठ्याने म्हणत होते.

खरा घोळ झाला पाचव्या फाकेनंतर. डॉयली टेबलावर ठेवली तर सपाट बसेना, वाटीसारखी कडा वर यायला लागली. आधी वाटलं ब्लॉकिंग करताना ओली करून टाचण्या लावल्या की बसेल, मग पट्टी घेतली. गोलाचा घेर त्रिज्येच्या साधारण ६.२८ पट असतो, त्याला आठाने भागलं की त्रिज्येच्या दर १ सेमीमागे प्रत्येक फाकेची कडा सुमारे ०.७८ सेमी हवी. माझी त्रिज्या ९ सेमी, म्हणजे कडा ७ सेमीच्या आसपास पाहिजे, आणि भरली ६.३! एका फाकेत पाऊण सेमी किरकोळ वाटतो पण आठ मिळून जवळजवळ ६ सेमी घेर कमी, तो टाचण्यांनी ओढून येत नाही.

दोष पॅटर्नचा नव्हता, चेनचा आतला दोरा मी फार आवळत होते. रिंग घट्ट आवळलेली छान दिसते म्हणून चेनही तशीच ओढायची माझी जुनी सवय. उसवायचा प्रयत्न केला, बोथट सुईने एकेक गाठ सैल करत, पण बंद झालेली रिंग परत उघडणं म्हणजे काय ते टॅटिंग करणाऱ्याला सांगायला नको, तिसऱ्या रिंगपाशी दोरा पिसायला लागला. शेवटी ती पाच फाकांची तशीच बाजूला ठेवली आणि पहिल्यापासून सुरू केली, या वेळी कडेच्या चेनमध्ये दोन डबल स्टिच जास्त घेतले आणि प्रत्येक फाक झाली की पट्टी लावली. पिकोंसाठी पुठ्ठ्याची ३ मिमीची पट्टी कापून घेतली, कारण फाका एकमेकींपासून किती लांब बसणार ते जोडाचे पिकोच ठरवतात.

आठवी फाक पहिलीला जोडताना नेहमीसारखा जोड घेतला तर पिकोला पीळ पडतो, आणि इथे तसे जोड एक नाही, सहा आहेत, मध्यापासून कडेपर्यंत एका ओळीत, त्यामुळे लगेच नजरेत भरतं. डॉयलीची घडी घालून पहिल्या फाकेचा पिको मागच्या बाजूने क्रोशाच्या सुईवर घ्यायचा, सुई अर्धी फिरवायची आणि मग दोरा ओढायचा. पहिले दोन जोड मी तीन-तीन वेळा केले, पुढचे चार सरळ आले.

आता ती आठही फाकांची सपाट पडलीये. दोरा सलग असल्यामुळे लपवायला फक्त सुरुवातीची आणि शेवटची टोकं उरलीत, ती आज रात्री.