कांदा रात्री चिरायचा की सकाळी?

नवऱ्याला हिंजवडीची बस ७.१० ला कर्वे पुतळ्यापाशी पकडायची असते. म्हणून रात्री साडेदहाला मी झोपायला निघाले की हा स्वयंपाकघरात विळी काढतो. उद्याच्या पोह्यांचा कांदा चिरायला! मग कांदा, मिरची, कढीपत्ता सगळं डब्यात घालून फ्रीजमध्ये. त्या डब्याचं झाकण कधीच नीट लागत नाही. सकाळी माझ्या चहाच्या दुधालाही कांद्याचा वास.

मागच्या मंगळवारी तर कहर झाला. वेळ वाचेल म्हणून त्याने पोहेसुद्धा रात्रीच भिजवून ठेवले. अरे, जाड पोहे धुऊन चाळणीत ५-१० मिनिटं निथळले की पुरे! सकाळी पातेल्यात नुसता लगदा. शेवटी त्यात बेसन-तिखट घालून थालीपिठं लावली. बस चुकली ती चुकलीच.

सासूबाई कुणाच्या बाजूने आहेत ते अजून कळलेलं नाही. साबुदाणा रात्रीच भिजवायचा, इडलीचं पीठही रात्रीच (डिसेंबरात त्या पातेलं चक्क शालीत गुंडाळतात), पण चिरलेला कांदा रात्रभर ठेवायचा नाही म्हणजे नाही.

सध्याचा तह असा: रात्री फक्त दाणे भाजायचे आणि खोबरं खवून ठेवायचं. कांदा सकाळी, तोही त्यानेच.

काल डोळे पुसत म्हणाला, "फ्रीजमधला गार कांदा एवढा झोंबत नाही, माहितीये?"

माहितीये. पण मी काही बोलले नाही.