तुम्ही विचारलंत म्हणून: स्क्वॉटला, म्हणजे खांद्यावर बार घेऊन मारायच्या बैठकीला, पूर्ण खाली बसायलाच हवं का?

गोव्यातल्या फोंड्याच्या आमच्या जिममध्ये संध्याकाळी कुंडईच्या कारखान्यांतून सुटलेली मुलं येतात. त्यांचा ठरलेला प्रश्न: "सर, अर्ध्यावरून उठलो तर मसल वाढणार नाही का?"

वाढेल. पण कुठला अर्धा भाग करता, ते फार महत्त्वाचं आहे. स्नायू ताणलेला असताना त्याच्यावर येणारा भार वाढीसाठी मोलाचा असतो. स्क्वॉटमध्ये ही अवस्था तळाशी येते, बेंच प्रेसमध्ये, म्हणजे उताणं झोपून बार वर ढकलताना, बार छातीजवळ असतो तेव्हा. तिथेच वजन सगळ्यात जड लागतं, म्हणून आपण नेमका तोच भाग गाळतो. दोन प्लेटा जास्त चढवून वरच्या वर उठबस करण्यापेक्षा त्या काढून ठेवा आणि खाली जा, हे मी रोज सांगतो.

पोटऱ्यांचंच बघा. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा पूर्ण खाली सोडल्या की पोटरी ताणली जाते, मागून ओढ जाणवते. तिथे क्षणभर थांबून मग वर यायचं. बहुतेक जण मात्र वरच भराभर टाचा हलवतात आणि म्हणतात, माझ्या पोटऱ्या वाढतच नाहीत. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्राझीलमधल्या तरुणींनी 8 आठवडे मशीनवर असाच व्यायाम केला. फक्त खालचा अर्धा भाग करणाऱ्यांच्या पोटरीचा आतल्या बाजूचा स्नायू सर्वाधिक वाढला, अगदी पूर्ण रेंज, म्हणजे तळापासून वरपर्यंत, करणाऱ्यांपेक्षाही. फक्त वरचा भाग करणाऱ्या सगळ्यांत मागे राहिल्या.

मांडीच्या मागच्या स्नायूंचं, म्हणजे हॅमस्ट्रिंगचंही तसंच. जपानमध्ये 12 आठवड्यांच्या प्रयोगात बसून लेग कर्ल (वजनाविरुद्ध गुडघा वाकवून टाच मागे ओढणं) केलेल्या पायात हॅमस्ट्रिंग सुमारे 14 टक्के वाढले, पालथं झोपून केलेल्या पायात 9 टक्के. बसल्यावर कंबरेतून वाकल्यामुळे ते आधीच ताणलेले असतात.

स्क्वॉटवर 2019 चा जपानी अभ्यास आहे. पूर्ण आणि अर्ध्या स्क्वॉटने मांडीचा पुढचा भाग जवळपास सारखाच वाढला. नितंब आणि मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू मात्र पूर्ण स्क्वॉटने दुपटीहून जास्त. म्हणजे तुम्हाला काय वाढवायचंय, त्यावरही उत्तर बदलतं.

तरी पूर्ण रेंज सोडा असं मी म्हणणार नाही. अनुभवी लोकांवरच्या 2025 च्या अभ्यासात पूर्ण रेंज आणि स्नायू ताणलेला असतो ती अर्धी रेंज यांत हातांची वाढ सारखीच निघाली. पूर्ण रेंजमध्ये तळाचा भाग आपसूकच येतो.

आमच्याकडे बस चालवणारे एक काका येतात. दिवसभर पेडलवर पाय, घोटे आखडलेले; खाली बसायला गेले की टाचा उचलल्या जातात. त्यांच्या टाचांखाली अडीच किलोच्या प्लेटा सरकवल्या, आणि बार न घेताच काका तळापर्यंत गेले. ज्यांना गुडघा दुखतो त्यांनी दुखणार नाही तिथवरच जावं, खोलीसाठी हट्ट करू नये. आधी डॉक्टरला दाखवा.

आणि सेटच्या शेवटी पूर्ण रेप (एकेक वेळचं वर-खाली) निघेनासे झाले, तर स्नायू ताणला जातो त्या भागात चार-पाच अर्धे रेप काढा. पोटऱ्यांना, लॅट पुलडाऊनला (पाठीसाठी मशीनचा बार वरून खाली ओढणं) हे खुशाल करा. बेंच आणि स्क्वॉटला मात्र नको. तिथे तळाशी अडकलात तर बार अंगावर येतो.