आरटीओ नाही, वजनकाट्यांची इन्स्पेक्टर

मेकॅनिकल डिप्लोमा झाला की आमच्या जळगावकडची पोरं-पोरी एकच परीक्षा धरून बसतात, सहाय्यक मोटार वाहन निरीक्षकाची. म्हणजे आरटीओ. खाकी वर्दी, खांद्यावर तारे, सोयऱ्याधायऱ्यांनाही पटतं. 2017 साली एमपीएससीने त्याच्या 833 जागा काढल्या आणि क्लासवाल्यांची चांदी झाली. पण ही जाहिरात दरवर्षी निघेलच असं नाही, आणि निघाली की पदवीवालेही उतरतात. बॉयलर आणि कारखाने तपासणाऱ्या पदांना तर थेट पदवीच मागतात.

वैधमापन शास्त्र निरीक्षक हे पद मला जाहिराती चाळताना सापडलं. वजनकाटे, पेट्रोल पंपावरची मापं, पाकिटावर छापलेलं वजन तपासणारं हे खातं. 2011 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते, नाहीतर अभियांत्रिकीचा डिप्लोमा आणि तीन वर्षांचा व्यावसायिक अनुभव. रावेरला आमची केळी. भाव बऱ्हाणपूरचा बघून ठरतो, पण भांडण होतं ते वजनावरून. त्यामुळे शेजारच्या काकू ‘आरटीओ नाही तर मग कशाची इन्स्पेक्टर?’ म्हणत असताना पप्पांना मात्र हे खातं लगेच कळलं.

2023 पासून हे पद राजपत्रित नागरी सेवेच्या संयुक्त पूर्व परीक्षेत आलंय. उपजिल्हाधिकारी व्हायला निघालेल्यांच्या शेजारी बसून तोच पेपर सोडवायचा. सीसॅट म्हणजे गणित, बुद्धिमत्ता आणि आकलनाचा पेपर नुसता पास व्हायचा, 33 टक्क्यांवर, आणि आकडेमोडीची सवय असलेल्यांना तो जड जात नाही. जड जातो इतिहास आणि राज्यघटना, कारण दहावीनंतर त्या पुस्तकांचं तोंडच बघितलेलं नसतं. मी धाकट्या भावाची शाळेची पुस्तकं काढून सुरुवात केली.

दमवलं ते अनुभवाच्या दाखल्याने. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. ऑफिसने दिलेल्या पत्रात ‘यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले’ एवढंच. ना पद, ना रुजू झाल्याची तारीख, ना कामाचं स्वरूप. नवीन मागायला गेलं की साहेब पुण्याला. शेवटी मीच मजकूर टाईप करून नेला. साहेबांनी ‘एवढं कशाला लागतं?’ म्हणत सही केली, पण शिक्का स्टोअरच्या कपाटात आणि किल्ली घेऊन स्टोअरकीपर चोपड्याला लग्नाला! सोबत नेमणूक पत्र, पगाराच्या स्लिपा आणि पीएफचं पासबुक जोडलं. सुरुवातीचे काही महिने माझा पीएफ ठेकेदाराच्या नावावर भरला गेला होता. ते मी धरलेच नाहीत. त्यांच्याशिवायही अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी तीन वर्षं भरत होती, मग वाद कशाला ओढवून घ्या? नॉन क्रिमीलेअर वगैरे सेतूतून निघालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

निवड झाल्यावर ट्रेनिंग रांचीला, भारतीय वैध मापविज्ञान संस्थेत. तिथे काट्याच्या ताटावर वजन नुसतं मधोमध ठेवून भागत नाही, एकेका कोपऱ्यात ठेवून बघतात. प्रत्येक वेळी आकडा मर्यादेत आला पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात काटा चुकला की माझी नजर आधी लोडसेलकडे, म्हणजे ताटाखालच्या वजन मोजणाऱ्या सेन्सरकडे, आणि पायाच्या बोल्टकडे जायची. कारखान्यात ग्रीस लावलेले हात इथे कामी आले. पंपावर 5 लिटरचं माप भरून घ्यायचं आणि 25 मिलीपेक्षा जास्त फरक खपवायचा नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दरवर्षी, लोखंडी वजनांची दोन वर्षांनी.

पप्पांनी फोनवर विचारलं, भुईकाट्यावर ट्रक पुढे उभा केला आणि मागे उभा केला तर फरक पडतो का? काटा बिघडलेला असेल तर पडतो, म्हटलं. तेव्हापासून केळी भरायच्या आधी ते काट्याचं पडताळणी प्रमाणपत्र मागतात आणि तारीख वाचल्याशिवाय गाडी काट्यावर चढू देत नाहीत. व्यापारी वैतागलेत.