नाशिकरोडची हेलिकॉप्टरं आणि कॅप्टन अभिलाषा

भाचीला एनडीएची, म्हणजे खडकवासल्याच्या लष्करी अकादमीची, परीक्षा द्यायचीय. निदान सध्या तरी द्यायचीय, मागच्या वर्षी तिला बेकरी काढायची होती. २०२५ च्या मे महिन्यात खडकवासल्याहून १७ मुलींची पहिली बॅच पास आऊट झाली तेव्हापासून पुण्यातल्या घराघरात एकतरी असं प्रकरण तयार झालंय, आमच्याकडचं हे. त्यात तिला जायचंय थेट हेलिकॉप्टरमध्ये. मग मीच म्हटलं की नाताळच्या सुट्टीत नाशिकला मावशीकडे जाऊ, तिच्या गच्चीवरून तुला रोज फुकटात हेलिकॉप्टरं दिसतील.

पुणे-नाशिक रस्त्याबद्दल मी काही लिहिणार नाही, ज्यांनी केलाय त्यांना माहितीय. सिन्नर मागे पडलं की हवा एकदम बदलते आणि एसटीच्या खिडक्या पटापट बंद व्हायला लागतात. पुण्याकडून येताना नाशिकच्या आधी नाशिकरोड लागतं, मग बिटको, दत्तमंदिर, उपनगर, गांधीनगर आणि मग द्वारका. मावशी उपनगरला. काका प्रेसमधून रिटायर झालेत (नाशिकरोडला प्रेस म्हणजे नोटांची नाहीतर स्टँपपेपरची, वर्तमानपत्राची नाही) आणि त्यांचा आता पूर्णवेळ उद्योग म्हणजे माकडटोपी घालून गच्चीवर उन्हात बसणं आणि डोक्यावरून काय गेलं ते सांगणं.

सकाळी चहा होतो न होतो तोच घरघर सुरू झाली. मला सगळी हेलिकॉप्टरं सारखीच दिसतात पण काकांनी पाच मिनिटात शिकवलं. ज्याला खाली चाकं आणि शेपटी पत्र्याने झाकलेली तो चेतक. ज्याला चाकांऐवजी खाली घसरगाडीसारख्या दोन दांड्या आणि शेपटी म्हणजे नुसता नळ्यांचा सांगाडा, आरपार आकाश दिसतं, तो चीता. पुढे काचेचा मोठा फुगा आणि त्यात पायलट बसलेला. इतक्या खालून गेला की हेल्मेट दिसलं. वाळत घातलेला टॉवेल उडाला तो शेजारच्यांच्या टाकीवर. हे एवढंसं यंत्र सियाचीनला २० हजार फुटांवर जातं हे काकांनी सांगितलं तेव्हा भाचीला खरं वाटेना, तिने लगेच फोनवर चेक केलं. बरोबर निघालं. काका खूश.

ही हेलिकॉप्टरं कॅट्सची. म्हणजे कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल, इथे सगळे नुसतं कॅट्सच म्हणतात आणि रिक्षावाल्यालाही तेवढं पुरतं. लष्कराचे हेलिकॉप्टर पायलट इथे तयार होतात. दुपारी आम्ही गांधीनगरला त्या बाजूने चक्कर मारून आलो. बघण्यासारखं काय आहे विचाराल तर भिंत, तारा आणि फोटो काढू नका अशा पाट्या. आत अर्थातच सोडत नाहीत आणि सोडूही नये. भाचीचा चेहरा पडला, तिला वाटलं होतं काहीतरी गेट तरी भारी असेल. पण मला तिथं उभं राहून बरं वाटलं, कारण २५ मे २०२२ ला त्याच भिंतीपलीकडे कॅप्टन अभिलाषा बराक यांना विंग्ज (छातीवर लावायचा पायलटचा बिल्ला) मिळाले. आर्मी एव्हिएशनची, म्हणजे हवाई दलाची नाही तर लष्कराच्या स्वतःच्या उडणाऱ्या शाखेची, पहिली महिला कॉम्बॅट पायलट. सोबत आणखी ३६ पायलट होते, आर्मी एव्हिएशनचे प्रमुख (डीजी) लेफ्टनंट जनरल ए. के. सुरी यांनी स्वतः विंग्ज लावले. तेव्हा पेपरात फोटो आला होता, मावशीच्या लक्षात आहे, म्हणाली आमच्या इथलीच म्हणून आम्ही दोन दिवस मिरवलं. मुलगी हरियाणाची, पण असो.

अभिलाषाबाईंची गोष्ट भाचीने एसटीतच वाचून काढली होती, ती मला रस्त्यात उभी राहून ऐकवत होती. वडील कर्नल, त्यामुळे लहानपण छावण्यांमध्ये गेलं, शाळा सनावरची, मग दिल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचं इंजिनिअरिंग २०१६ ला संपवलं आणि अमेरिकेत नोकरी. कुठल्याही मराठी घरात इथे गोष्ट संपते आणि पेढे वाटतात. ह्या परत आल्या, चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत गेल्या आणि सप्टेंबर २०१८ मध्ये आर्मी एअर डिफेन्समध्ये अधिकारी म्हणून कमिशन झाल्या. आता खरी गंमत पुढेच आहे. आर्मी एव्हिएशनसाठी फॉर्म भरायचा होता तेव्हा महिलांना तिथे फक्त ग्राउंड ड्युटी होती, म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोल वगैरे, उडवायचं नाही. हे पक्कं माहीत असूनही त्यांनी फॉर्मवर लिहून ठेवलं की मी पायलटची अॅप्टिट्यूड टेस्ट पास झालेली आहे. कोणी विचारलं नव्हतं. ज्या कामाला तुम्हाला घेतच नाहीत त्याची पात्रता फॉर्मवर आपणहून लिहून ठेवायची, मला तर हा सगळ्या गोष्टीतला सगळ्यात भारी भाग वाटला, विंग्जपेक्षाही. पुढे २०२१ मध्ये नियम बदलला, १५ महिला अधिकाऱ्यांनी तयारी दाखवली, टेस्ट आणि मेडिकल करून त्यातल्या फक्त दोघी ट्रेनिंगला निवडल्या गेल्या.

आता सगळं नाशिकलाच का, तर त्याचं उत्तर तोफांमध्ये आहे. देवळालीला तोफखान्याची शाळा, स्कूल ऑफ आर्टिलरी. तोफ डोंगरापलीकडे मारा करते, गोळा नेमका कुठे पडला ते खालून दिसत नाही, म्हणून तोफखान्याचाच अधिकारी छोट्या विमानात बसून वर जायचा आणि वायरलेसवर सांगायचा की थोडं डावीकडे, थोडं पुढे. लष्कराचं उडणं हे असं तोफखान्याच्या पोटातून आलं. १ नोव्हेंबर १९८६ ला आर्मी एव्हिएशन वेगळी कोअर (स्वतंत्र शाखा) झाली आणि २००३ मध्ये कॅट्स उभी राहिली, तीही देवळालीच्या शेजारीच. रात्री जेवताना काका म्हणाले, पूर्वी देवळालीच्या तोफांनी आमची ताटं हलायची, आता हेलिकॉप्टरने टॉवेल उडतात.

जेवता जेवता मग वाद झाला, कारण मी बोलून गेले की ह्या "पहिली महिला" बातम्या वाचून मला आनंदापेक्षा राग जास्त येतो. काका म्हणाले राग कसला, चांगलंच झालं की. चांगलं झालंच, पण हिशोब बघा ना. १९९९ ला कारगिलमध्ये गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन हवाई दलाकडून हेलिकॉप्टर उडवत होत्या, जखमी जवानांना आणत होत्या. आणि हेलिकॉप्टर कुठलं? चीता! हाच, नळ्यांच्या शेपटीचा, सकाळी टॉवेल उडवून गेला तो. म्हणजे यंत्र तेच, डोंगर तेच, वारा तोच आणि बाई ते चालवू शकते हे खुद्द युद्धात दिसून झालेलं, तरी लष्कराच्या चीत्यात बाईला बसवायला २०२२ उजाडावं लागलं. मध्ये २३ वर्षं काय सिद्ध व्हायचं राहिलं होतं? आणि गुंजन सक्सेनांचंही पुढे काय झालं, तर शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक वर्षांचीच नोकरी, ती २००४ मध्ये संपली, कारण त्यांच्या वेळी महिला पायलटना परमनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, नव्हतंच. काका यावर काही बोलले नाहीत, त्यांनी मावशीला भात वाढायला सांगितलं. मावशी म्हणाली घ्या तुमच्या हाताने. हेही नोंदवून ठेवते.

दुसऱ्या दिवशी ओझर. आधी मिसळ, कारण नाशिकला येऊन मिसळ नाही खाल्ली तर मावशी घरात घेणार नाही. इथली मिसळ पुण्यासारखी गोडाकडे झुकत नाही, रस्सा वेगळा, सोबत पापड आणि दही, आणि शेवटी जिलबी मागवायचीच. भाचीने तीनदा रस्सा मागितला आणि मग ओझरपर्यंत गप्प होती. सिटीलिंकच्या बसने आग्रा रोडने गेलो, आडगाव सोडल्यावर द्राक्षबागा सुरू होतात.

ओझरला एचएएलचा, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचा, कारखाना, १९६४ पासूनचा, मिग-२१ ही लढाऊ विमानं बनवायला काढलेला. गावाचं अर्ध आयुष्य त्या भोंग्यावर गेलंय. इथेही लांबूनच दर्शन. पण मला भाचीला एवढंच दाखवायचं होतं की तू जिचं पोस्टर लावलंयस ती हवाई दलाची फायटर पायलट अवनी चतुर्वेदी फेब्रुवारी २०१८ मध्ये जामनगरला एकटीने फायटर घेऊन उडाली ते मिग-२१ बायसन होतं, आणि पुढे ती सुखोई-३० उडवायला लागली, आणि ह्या दोन्ही जातीच्या विमानांचा कारखाना हा समोरचा. २०२३ ला जपानमध्ये सराव झाला तिथेही ती सुखोई घेऊन होती. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये रिटायर झालं. त्यानंतरच्याच महिन्यात नाशिकला बनलेलं पहिलं तेजस मार्क वन-ए इथून उडालं, त्यामुळे ओझरकरांना सध्या आकाशाकडे बघायला निमित्त लागत नाही. चहाच्या टपरीवाल्याने तर विमान दिसायच्या आधी आवाजावरून "सुखोई" म्हणून सांगितलं आणि सांगताना दूध उतू जाऊ दिलं नाही.

तिथेच बाकड्यावर बसून मी तिला हरिता कौर देओलचं सांगितलं. तिला हे नाव माहीतच नव्हतं, पोस्टर फायटरवाल्यांचीच मिळतात. २ सप्टेंबर १९९४ ला हवाई दलाचं अॅव्हरो विमान एकटीने उडवणारी पहिली मुलगी, वय २२. आणि १९९६ च्या डिसेंबरमध्ये आंध्रात विमान कोसळून गेली. हे सांगावं की नाही असं मनात आलं होतं, पण जिला ह्या लाइनमध्ये जायचंय तिला नुसत्या विंग्जचे फोटो दाखवून कसं चालेल. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आत्या, म्हणजे दोन वर्षं मिळाली तिला फक्त." मग आणखी एक चहा घेतला.

ज्यांच्या घरी असं प्रकरण आहे त्यांच्यासाठी: मुलींसाठी सरकारी सैनिकी पूर्वतयारी संस्था आता नाशिकलाच निघालीय, दहावीच्या मुलींच्या आईबापांनी जरूर चौकशी करा. आणि गांधीनगरला हेलिकॉप्टरं बघायची तर सकाळी लवकर जा, मोबाईल खिशात ठेवा.

परतीच्या एसटीत भाचीला पायलटच्या त्या अॅप्टिट्यूड टेस्टचे नियम सापडले. आयुष्यात एकदाच देता येते, नापास झालात तर पुन्हा चान्स नाही. सिन्नर घाटापासून नारायणगावपर्यंत ती तेच एक वाक्य वेगवेगळ्या सुरात म्हणत होती, शेवटी मी म्हटलं अगं बाई, त्याच्या आधी बारावीचं फिजिक्स आहे, ते बघ.