डिफ शून्य आला, तरी फेलओव्हर फसला

गेल्या अपडेटमध्ये मी आनंदाने लिहिलं होतं की प्रायमरी (मुख्य साइट) आणि डीआर (ती बंद पडली तर वापरायची राखीव साइट) यांच्या कॉन्फिगरेशनमधला डिफ, म्हणजे फरकांची यादी, शून्यावर आला. त्याच भरवशावर शनिवारी फेलओव्हरची, म्हणजे सगळं काम राखीव साइटवर वळवण्याची, रंगीत तालीम घेतली. डीएनएस (साइटच्या नावामागचा पत्ता) वळला, स्टँडबाय म्हणजे डीआरवरचा राखीव डेटाबेस प्रमोट होऊन मुख्य झाला, फोटोंचं अ‍ॅपही उघडलं. पण शोध चालेना. फाइल यादीत समोर दिसतेय आणि नाव टाकून शोधली की सापडत नाही!

दोन संध्याकाळी यातच गेल्या. आधी रेप्लिकेशनवर (प्रायमरीचा डेटा डीआरवर उतरवण्यावर) संशय घेतला, पण ओळींची संख्या दोन्हीकडे तंतोतंत. स्टँडबायवर मॅक्स कनेक्शन्स (जोडण्यांची कमाल मर्यादा) प्रायमरीपेक्षा कमी असेल तर रिप्ले (आलेले बदल लावणं) अडतो, म्हणून तेही पाहिलं, सारखंच. शेवटी इंडेक्स स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन (इंडेक्स, म्हणजे डेटाबेसची शोधसूची, वापरायच्या दोन पद्धती) बंद करून तीच क्वेरी चालवली आणि ओळ सापडली. म्हणजे डेटा शाबूत, इंडेक्समधून जाताना वाट चुकतेय. इंडेक्स तपासणारं एएमचेक लावलं: आकड्यांचे इंडेक्स ठीक, टेक्स्टच्या इंडेक्सचा क्रम बिघडलेला.

क्रम म्हटल्यावर कोलेशनच, म्हणजे मजकूर क्रमाने लावायचे नियम. प्रायमरीवर पोस्टग्रेस १६ या डेटाबेसची डेबियनवाली इमेज (चालवायला तयार पॅकेज), डीआरवर १६ च, पण अल्पाइनवाली; डेबियन आणि अल्पाइन हे लिनक्सचे दोन प्रकार. लोकेलचं (भाषेच्या सेटिंगचं) नाव दोन्हीकडे एकच. मात्र डेबियनमधलं जीलिबसी हे सिस्टिमचं मूळ सी लायब्ररी शब्दकोशासारखा क्रम लावतं, तर अल्पाइनमधलं तसंच लायब्ररी मसल थेट बाइट ताडतं, त्यामुळे इंग्रजी कॅपिटल अक्षरं सगळी आधी. फिजिकल रेप्लिकेशन पानं जशीच्या तशी नेतं, म्हणून एका क्रमाने रचलेल्या बी-ट्रीमध्ये (इंडेक्सच्या क्रमवार झाडात) डीआर दुसऱ्याच क्रमाने शोधत होता.

मग डिफमध्ये हे का दिसलं नाही? बिल्ड क्रमांकांचा गोंगाट नको म्हणून इमेजच्या टॅगमधलं (आवृत्तीच्या नावातलं) हायफननंतरचं सगळं छाटायचा नियम मी नॉर्मलायझरमध्ये, म्हणजे तुलनेआधी फाइली एकसारख्या करणाऱ्या टप्प्यात, घातला होता. त्याने 'अल्पाइन' हा शब्दच कापला. डीआरच्या लॉगमध्ये कोलेशन व्हर्जनचा इशारा प्रत्येक कनेक्शनला उमटत होता. माझा फिल्टर फक्त एरर उचलायचा.

डीआरवर डेबियनची इमेज टाकली. तालमीत तिथे नवीन नोंदी झाल्या होत्या, म्हणून जुना डेटा पुसून बेसबॅकअपने (प्रायमरीच्या पूर्ण प्रतीवरून) स्टँडबाय पुन्हा उभा केला. रात्री साडेअकराला एएमचेकने एकही तक्रार केली नाही. ते रिकामं आउटपुट मी जपून ठेवलंय.

टूल्सबद्दल माझं मत आता पक्कं आहे. यामलसाठी (कॉन्फिगरेशन फाइलींच्या फॉरमॅटसाठी) साधा डिफ नको, तो ओळी बघतो. डीवायएफएफ हे टूल रचना बघतं. आणि दोन्हीकडे टेराफॉर्म प्लॅन (कोडप्रमाणे सर्व्हर उभे करणाऱ्या टूलची पूर्वतपासणी) 'बदल नाही' म्हणाला तरी दोन साइट एकमेकींसारख्या आहेत असं होत नाही. तो प्रत्येक साइट फक्त तिच्या स्वतःच्या कोडशी ताडतो.

पुढे फायरवॉलचे नियम घेणार होतो, ते थांबवतोय. आधी नॉर्मलायझरमधला छाटणीचा प्रत्येक नियम काढून, ज्याचं कारण लिहिता येईल तेवढाच परत घालायचा. टॅगमध्ये डेबियनच्या रिलीजचं नावही पक्कं करायचं, कारण २०१८ च्या जीलिबसी २.२८ ने क्रम बदलला होता. नुसतं 'डेबियन' पुरत नाही.

आणि हे लिहिता लिहिताच सुचलं: फाइली कशाला ताडायच्या? चालू असलेल्या दोन्ही डेटाबेसनाच विचारू. सेटिंग्जचा तक्ता आणि प्रत्यक्ष कोलेशन व्हर्जन स्टँडबायवरही वाचता येतं. आज रात्री ती क्वेरी आधी लिहितो, इमेजच्या डिजेस्टची (तिच्या नेमक्या ओळख-क्रमांकाची) तुलना नंतर.