तुम्ही विचारलंत म्हणून : “हर्निया परत आला, मग ऑपरेशन फुकटच ना?”

लग्नाकार्यात कोणी ना कोणी हे म्हणतंच. सूर प्रश्नाचा, पण निकाल आधीच लागलेला. म्हणून एकदाच लिहून टाकते.

हो, परत आलाय. माझा हर्निया पोटावर दिसणारा नाही; छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यातल्या भोकातून जठर वर छातीत सरकतं, तो. बेरियम पिऊन काढलेल्या फोटोत जठराचा छोटासा भाग पडद्याच्या वर दिसतो. ऑपरेशनआधी निम्म्याहून जास्त जठर छातीत, हृदयाच्या मागे जाऊन बसलं होतं. पण हे सांगेपर्यंत समोरची व्यक्ती जिलबीकडे वळलेली असते.

ऑपरेशन मलाही नकोच होतं. जिना चढताना दम लागायचा, थोडं जेवलं तरी पोट गच्च व्हायचं. पण साठी उलटल्यावर कोणाला होत नाही? शिवाय डॉक्टरांनीच २००२ मधला एक अमेरिकी हिशेब सांगितला होता : फारसा त्रास नसेल, तर तातडीच्या ऑपरेशनची वेळ वर्षाला शंभरातल्या साधारण एकावर येते. त्यावर विसंबून थांबणं मला आजही मूर्खपणाचं वाटत नाही.

मग भाच्याकडची वास्तुशांत. जेवून उठले आणि छातीच्या हाडामागे कळ आली. उमासे थांबेनात आणि पडत काहीच नव्हतं, नुसती चिकट लाळ. सगळ्यांना वाटलं, हार्ट. हॉस्पिटलातही ईसीजी काढला, तो बरा निघाला, मग इंजेक्शन देऊन म्हणाले, “गॅस असेल.” मी सांगत होते, मला हर्निया आहे, मोठा आहे. “पोटावर फुगवटा तर दिसत नाही,” एकजण म्हणाला. सून फाइल आणायला घरी पळाली. पहाटे दुसऱ्या डॉक्टरबाई आल्या, त्यांनी नाकातून नळी घालायला घेतली. घशातून उतरली आणि छातीत कुठेतरी अडली. परत घातली, परत अडली. “नळी खाली जात नाहीये,” त्या सिस्टरना म्हणाल्या. त्या आवाजावरूनच कळलं, आता याला कोणी गॅस म्हणणार नाही. एक्स-रेत हृदयामागे हवेचा मोठा फुगा. जठराला पीळ पडला होता. कळ, कोरडे उमासे आणि न उतरणारी नळी, या तीन खुणा १९०४ पासून वैद्यकात नोंदलेल्या आहेत. माझ्या तिन्ही होत्या. एंडोस्कोपी करून आतली हवा नि पाणी काढलं, तेव्हा जरा श्वास घेता आला.

पुढे ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. जठर खाली ओढलं, पडद्यातलं भोक टाके घालून लहान केलं, जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळला. पोट फाडलं नाही म्हणून लवकर घरी आले, हे खरं. पण खांदा भयंकर दुखायचा; ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या गॅसमुळे म्हणे. कित्येक आठवडे पेज नि खिमट. ढेकर अजून नीट येत नाही. वायू खालून सरतो, तोही चारचौघांत. याबद्दल कोणी विचारत नाही!

परत येण्याची शक्यता सर्जननी आधीच सांगितली होती. पडदा प्रत्येक श्वासाला हलतो, टाक्यांवर ताण येतच राहतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासात अशा रुग्णांना साधारण पाच वर्षांनी तपासलं (२०११). टाक्यांना आधार म्हणून जैविक जाळी (प्राण्यांच्या ऊतींपासून केलेली) लावलेल्यांपैकी ५४ टक्के आणि नुसते टाके घातलेल्यांपैकी ५९ टक्के लोकांचा हर्निया फोटोत परत दिसला. तरी बहुतेकांचा त्रास कमीच राहिला होता आणि पुन्हा ऑपरेशन अगदी मोजक्यांचं झालं. माझं तसंच आहे. दम लागत नाही. तो वयाचा नव्हताच.

तरी फोटो बघून रडले होते, हेही सांगते. आकडे माहीत असून. दुसऱ्यांदाचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं आणि वेळ आली तर हो म्हणेन की नाही, मला खरंच ठरवता येत नाही.

मुलगा म्हणतो, दर वर्षी तपासणी कर. मी म्हणते, त्रास नाही तर कशाला? त्यावर तो म्हणतो, “आई, ऑपरेशनआधीही तू हेच म्हणायचीस.” तेव्हाही ते बरोबरच होतं, असं मी त्याला सांगते. तो मानत नाही.