सोळा वॉल्व्ह आणि चार तपासण्या

दिंडोरी तालुक्यातल्या मामांच्या द्राक्षबागेत गोडी छाटणीनंतर (फळासाठी केलेल्या छाटणीनंतर), बागेला पाणी लागते त्या ऐन दिवसांत, पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला पुरेसे पाणी पोहोचेनासे झाले. मोटार व्यवस्थित चालत होती आणि जमिनीवर कुठेही ओल दिसत नव्हती. म्हणजे गळती नसून पाइपच कुठेतरी तुंबला होता. वाटेत १६ वॉल्व्ह आहेत. मामा विहिरीकडून एकेक उघडत निघणार, तेवढ्यात मी त्यांना थेट आठव्या वॉल्व्हकडे नेले.

बाकीचे वॉल्व्ह बंद ठेवून आठवा उघडताच बादली झटकन भरली, त्यामुळे तिथपर्यंतच्या पाइपाचा विचार करण्याचे कारण उरले नाही. बाराव्याला करंगळीएवढी धार, दहाव्याला पुन्हा जोर, अकराव्याला परत तीच करंगळी. दहा आणि अकरा यांच्यामध्ये खणले, तेव्हा जोडातून आत शिरलेल्या मुळ्यांचा बोळा निघाला. १६ टप्प्यांना ४ तपासण्या लागल्या. टप्पे १,०२४ असते तरी १० पुरल्या असत्या, कारण प्रत्येक उत्तराने उरलेल्यातले निम्मे टप्पे बाद होतात.

प्रश्न असा पायरीपायरीने, ठरलेल्या रीतीने सोडवण्याला ‘संगणकीय विचार’ म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ जॅनेट विंग यांनी २००६ मध्ये लिहिलेल्या छोट्या लेखात, हा विचार हे केवळ संगणकशास्त्रज्ञांचे नव्हे तर प्रत्येकाचे मूलभूत कौशल्य आहे, असे मांडले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही त्याचा उल्लेख आहे. नाशिकमध्ये माझ्याकडे प्रोग्रॅमिंग शिकायला येणाऱ्या मुलांचे पालक मात्र त्याचा अर्थ ‘कोडिंग’ एवढाच घेतात. (फीसुद्धा त्याच हिशेबाने विचारतात.)

माझ्या मते यातला अवघड भाग निम्मे करत जाण्याचा नाहीच. धार कमी-जास्त असते. तिच्यातून ‘ठीक’ किंवा ‘तुंबलेले’ एवढीच दोन उत्तरे काढायची, तर रेघ कुठे आखायची? ती मामांनी बादली भरायला लागणाऱ्या वेळावरून आखली. मला ते सुचले नव्हते.

ही युक्ती चालली, कारण पाणी एकाच दिशेने वाहते आणि अडथळ्याच्या पुढे सगळीकडेच जोर कमी पडतो. ठिबकच्या ड्रिपरना असा क्रम नसतो. ते क्षारांनी किंवा गाळाने सुटेसुटे तुंबतात आणि एक चांगला निघाला म्हणून शेजारच्याबद्दल काहीच कळत नाही. त्यामुळे पाइप मोकळा झाल्यावर संध्याकाळपर्यंत आम्ही दोघे ओळीओळीने फिरून प्रत्येक ड्रिपर तपासत होतो.